रबराच्या झाडाचा ब्लॅकआउट

फॅक्टरीत नोकरी केली म्हटलं की बाहेरगावचे पाहुणे आपोआप आवाज खाली आणतात आणि विचारतात, "काय बनवत होतात हो तिथे?" जबलपुरात हा प्रश्न कुणी विचारत नाही. इथली निम्मी मराठी घरं फॅक्टरीच्या भोंग्यावर उठतात आणि भोंग्यावर जेवतात. कोण काय बनवतं हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी कुणाला सांगत नाही. पाहुण्यांना मात्र मी गंभीर चेहरा करून म्हणतो, "ते सांगता येत नाही." पाहुणे आदराने मान हलवतात. खरं कारण असं की मी झेंडू बनवत होतो.

माझं पद बागेचा सुपरवायझर, खातं इस्टेटचं. थोरला भाऊ तोफांच्या गाड्यांवर, धाकटा ट्रकच्या इंजिनांवर आणि मधला मी गवतावर. लग्न ठरलं तेव्हा नागपूरच्या सासऱ्यांनी नातेवाइकांत सांगून टाकलं, की जावई 'ग्रीन सेक्शन'मध्ये आहेत आणि तो सेक्शन फार गुप्त असतो. त्यात आडनाव बाकरे. बगीचा बकऱ्याच्या ताब्यात दिलाय, हा विनोद मी निवृत्त होईपर्यंत ऐकला, आणि प्रत्येक नवा माणूस तो आपणच शोधून काढल्यासारखा सांगायचा.

आता थोडं धंद्याचं सांगतो. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत बाग शोभेसाठी नसते. कोठारांभोवती मातीचे उंच बांध असतात. आतला माल फुटलाच तर तडाखा शेजारच्या कोठाराला लागू नये, हा हेतू. हे बांध पावसात वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर गवत हवं, आणि तेच गवत उन्हाळ्यात वाळलं की एका ठिणगीचं काम. म्हणजे लावायचंही मीच आणि कापायचंही मीच. कोठाराजवळ लोखंडी अवजार नेता येत नसे, दगडावर घासलं तर ठिणगी उडेल म्हणून. त्यामुळे आमच्याकडे पितळी खुरपी आणि पितळी चाकू असत. एप्रिल-मेमध्ये मी दिवसातून चार-चार वेळा बांधांना फेरी मारायचो, आणि पहिला पाऊस पडेपर्यंत ती फेरी थांबत नसे. हे कुणाला सांगायला गेलं तर पुन्हा बकऱ्याचाच विनोद.

रबराचं झाड आमच्या कँटीनसमोर होतं. कुणा इंग्रज साहेबाने आसामकडून आणून लावलेलं. आज दिवाणखान्यात कुंडीतलं रबर पाहणाऱ्यांना खरं वाटणार नाही, पण जमिनीत लावलं आणि मोकळं सोडलं तर हे झाड वडाचा धाकटा भाऊ शोभतं. फांद्यांवरून पारंब्या सुटलेल्या, बुंध्याजवळ मुळं गुडघाभर वर आलेली, पानं हातभर आणि चकचकीत. पान तोडलं की पांढरा चीक येतो, तो कपड्याला लागला की कपडा गेला. वानरं कोवळे कोंब खायला यायची आणि चिकट झालेल्या मिशा पुसत बसायची. फळंही धरतात, बोराहून लहान, पण त्यांत बी रुजणारं नसतं. ज्या चिमुकल्या माशीमुळे बी धरतं ती माशी तिकडे माहेरीच राहिली. म्हणून या झाडाचं रोप आपोआप कुठे उगवत नाही. माणसानेच ते करून द्यावं लागतं.

झाडाच्या पूर्वेकडच्या अंगाला वटवाघळं लटकायची, शे-दोनशे तरी. पश्चिमेकडे, त्यांच्यापासून सुरक्षित अंतरावर, दुपारच्या सुट्टीत माणसं डबे खायची. नव्या भरतीच्या माणसाला वटवाघळांखालची जागा मिळे. जसजसा जुना होईल तसतसा तो सरकत सरकत पश्चिमेला यायचा. कागदोपत्री ज्येष्ठता काहीही असो, आमच्याकडे माणूस किती जुना हे त्याच्या टोपीवरून कळे.

मला ते झाड आवडायचं. नोकरीला लागल्यावर सुरुवातीचे दिवस मी भावांच्या ओळखीच्या माणसांपासून तोंड लपवून त्याच्याखाली डबा खाल्ला आहे. पुढे विश्वकर्मा पूजेच्या दिवशी, जेव्हा घरच्या मंडळींना फॅक्टरी बघायला आत सोडतात, सुमन पहिल्यांदा आली. माझे दोन्ही भाऊ आपापल्या फॅक्टरीत बायकांना मशिनी दाखवत होते. मला दाखवायला मशीन नव्हतं. मी तिला झाडाखाली नेलं. तिने एका पारंबीवर हात ठेवला, वर बघितलं, आणि म्हणाली, "हे तुमच्या हाताखाली आहे? मंग चांगलंच काम आहे की." त्या दिवसापासून झाड माझं झालं. सरकारने काही म्हणो.

*

सत्तरच्या सुमाराला अफसरांच्या बंगल्यांत रबराचं रोप ठेवायची लाट आली. जीएमसाहेबांच्या पत्नीने, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या मॅडम म्हणत असू, कुठल्यातरी मासिकात पितळी कुंडीतलं रबर पाहिलं आणि मला बोलावणं आलं. मी झाडावर गुटी बांधून एक रोप करून दिलं. मग रांग लागली.

गुटी म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच आहे. फांदीची बोटभर रुंद साल चाकूने गोल काढायची. चीक पुसायचा. त्या जागी ओलं शेवाळ दाबून बांधायचं (आमचं पचमढीहून यायचं), वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा आणि दोन्ही टोकांना सुतळी आवळायची. झाडावरच, त्या पुडीच्या आत, फांदीला मुळं फुटतात. मुळं भरली की पुडीच्या खालून फांदी कापायची, कुंडीत लावायची, झालं रोप. पावसाळ्यात याला महिना-दीड महिना लागतो. थंडीत मुळं रुसतात, तीन-चार महिनेसुद्धा घेतात.

बंगल्यांतल्या रबरांनी मला जेवढं छळलं तेवढं वाळलेल्या गवतानेही नाही. एका मॅडम पानांना रोज खोबरेल लावत आणि धूळ का बसते म्हणून मला विचारत. स्टोअरच्या साहेबांनी टायरची टंचाई ऐकून सुखलालला, म्हणजे आमच्या मुकादम माळ्याला, तांब्या घेऊन चीक काढायला बसवलं. आठवडाभराच्या मेहनतीतून पोरांच्या खोडरबराएवढा एक गोळा निघाला, आणि त्याने खोडलं की कागद आणखी काळा व्हायचा. सगळ्यांत कठीण प्रकरण हुद्द्याचं. वर्क्स मॅनेजरच्या घरचं रोप खिडकीत ऊन मिळून जीएमसाहेबांच्या रोपापेक्षा वीतभर उंच झालं. दुसऱ्या दिवशी वर्क्स मॅनेजर स्वतः माझ्या टपरीवजा ऑफिसात आले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि शेंडा छाटून द्या म्हणाले. मी छाटला. छाटल्यामुळे त्याला दोन फांद्या फुटल्या आणि ते आणखी डौलदार दिसू लागलं, याला माझा इलाज नव्हता.

*

मग एकाहत्तरची लढाई आली. खरं तर तिच्या आधीच काही महिने तयारी सुरू झाली होती. खिडक्यांना काळे कागद, सायकलच्या दिव्यांना काळा रंग, आणि आवारात खंदक. खंदक खणणं म्हणजे मातीचं काम, म्हणजे अर्थात बागवाल्यांचं. खणले. बाहेर काढलेली माती मोकळी, भुसभुशीत, वाया जाताना बघवेना म्हणून मी तिच्यावर मेथी पेरली.

त्याच वेळी सुरक्षेचे नवे साहेब आले. मेजर राजवाडे, फौजेतून निवृत्त, मूळचे पुण्याचे, एकटेच राहणारे. मिशा टोकदार आणि मराठी त्याहून टोकदार. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, हा खंदक आहे की वाफा? मी म्हटलं, साहेब, वरून विमानातून पाहिलं तर शेत दिसावं म्हणून करून राहिलो. 

"बाकरे, हे 'करून राहिलो' काय असतं? करताय की राहिलंय?"

"दोन्ही, साहेब," मी म्हटलं. आमचं तिथेच जुळलं नाही.

आता ब्लॅकआउटचा सराव सुरू झाला. जबलपुरात ब्लॅकआउटने खूश झालेली एकच जमात होती, वटवाघळं. एरवी कँटीनच्या आणि रस्त्याच्या दिव्यांना बिचकून ती उशिरा, एकेक करून निघत. दिवे गेले तशी ती तिन्हीसांजेलाच, सगळी मिळून, थव्याने उठायला लागली. आसपासच्या बागांतली त्यांची नातलग मंडळीही आमच्याकडे मुक्कामाला आली असावीत, कारण झाड काळंभोर दिसायला लागलं होतं.

एका संध्याकाळी टेहळणीच्या मचाणावर नवीन दरबान होता. दरबान म्हणजे आमचे पहारेकरी. हा जबलपूरजवळच्या पाटणकडच्या खेड्यातून आठवड्यापूर्वीच भरती झालेला. त्या दिवसांत गावात छत्रीने उतरणाऱ्या शत्रूच्या सैनिकांच्या गप्पा जोरात होत्या. कँटीनच्या वर, मावळतीच्या उजेडात, काळ्या छत्र्या उघडत-मिटत आहेत हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि टेलिफोन फिरवला. मेजरसाहेबांनी भोंगा वाजवला आणि वरपर्यंत कळवलंसुद्धा.

सगळी फॅक्टरी खंदकात. जीएमसाहेब माझ्या समोरच्या खंदकात उतरले. मेथीला त्याच दुपारी पाणी दिलेलं होतं, ते खंदकात झिरपून चिखल झालेला, त्यामुळे ते उतरले त्यापेक्षा जास्त खाली गेले. मी वर पाहिलं तर ओळखीची मंडळी पेरूच्या बागांकडे चालली होती. शेजारी बसलेल्या सुखलालच्याही ते लक्षात आलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि गप्प बसलो. भोंगा साहेबांनी वाजवला होता, तो बंद करणंही साहेबांचंच काम.

अर्ध्या तासाने शहानिशा झाली. मेजरसाहेबांना वरून काय ऐकावं लागलं ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते झाडाखाली उभे होते.

"बाकरे, हे झाड मला इथे नको. आठ दिवसांत साफ करा."

मी वटवाघळांबद्दल सांगितलं, सावलीबद्दल सांगितलं. वरून पाहिलं तर कँटीनचं पत्र्याचं छप्पर या झाडामुळेच दिसत नाही, हेही सांगितलं. ते म्हणाले, छप्पर रंगवता येतं. 

घरी गेलो तर सुमनने ताट वाढता वाढता विचारलं, "काहून तोंड पाडून राहिले?" मी सांगितलं. तिने वाढणं थांबवलं. मग म्हणाली, "त्या झाडाला हात लावू नका देऊ. पुढच्या विश्वकर्माला मी काय पाहायला येऊ? तुमचं गवत?" मला हसायला आलं नाही. सरकारी हुकूम आणि घरचा हुकूम असा पेच होता, आणि झाड माझं होतं.

सुखलालने सुचवलं नाही म्हणून मीच त्याला सुचवलं, की बुंध्याशी एक दगड ठेवून शेंदूर लावावा. आपल्याकडे शेंदूर दिसला की कुऱ्हाड थांबते. सुखलालने गंभीरपणे विचार केला आणि नकार दिला. म्हणाला, "साहब, पीपल होता तो बात थी। ये विलायती पेड़ है। इसमें देवता बैठेंगे तो चिपक जाएँगे।" एवढा व्यवहारी भाविक मी दुसरा पाहिला नाही.

मग मला गुटी आठवली. मोठ्या मॅडम जवानांच्या मदतीसाठी आनंदमेळा भरवणार होत्या. मी बंगल्यावर गेलो आणि विचारलं, मेळ्यात रबराच्या रोपांचा स्टॉल लावला तर? सगळ्या बंगल्यांतून मागणी आहे, ओमती बाजारातले दुकानदारही घेतील. मॅडमना कल्पना फारच आवडली. रोपं कधी तयार होतील, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गुट्या आत्ता बांधतो, मुळं सुटली की लगेच. फक्त तोवर मूळ झाडाला धक्का लागता कामा नये. थंडीत मुळं रुसतात हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी जीएमसाहेबांचा मेजरसाहेबांना निरोप गेला, की मॅडमची रोपं होईपर्यंत झाड राहू द्या.

मेजरसाहेबांनी मला एवढंच विचारलं, रोपं कधी होणार? मी खरं उत्तर दिलं. थंडीत मुळं येत नाहीत, साहेब. होळी उजाडेल. त्यांनी दात आवळले आणि त्या दिवसापासून झाडाकडे बघणंच सोडलं. इतकं, की कँटीनकडे यायचं तर ते स्टोअरला वळसा घालून येत.

सुखलाल आणि मी, दोघांनी मिळून हाताला लागेल त्या फांदीवर गुटी बांधली. मॅडमना हव्या होत्या त्याच्या तिप्पट. एक गुटी म्हणजे झाडाचा एक जामीन, असा माझा हिशेब होता.

*

लढाई सुरू व्हायच्या महिनाभर आधीच फर्मान निघालं, की आवारात चमकणारी एकही वस्तू उघडी राहता कामा नये. फर्मानावर सही मेजरसाहेबांचीच. आणि माझं झाड तर चमकत होतं. प्लास्टिकच्या पुड्या उन्हात अशा लखलखायच्या की शत्रूच्या वैमानिकाला दुर्बिणीची गरज पडली नसती. मी खिडक्यांचा उरलेला काळा कागद आणला आणि दोन दिवस खपून आम्ही एकेक पुडी काळ्या कागदात गुंडाळली, वरून पुन्हा सुतळी. हुकूम म्हणजे हुकूम. झाडाचाही ब्लॅकआउट झाला.

आता जरा डोळ्यांसमोर आणा. दारूगोळ्याची फॅक्टरी. लढाई खरोखर सुरू झालेली. दुपारची सुट्टी. झाडाखाली डबे उघडून बसलेली दोन-अडीचशे माणसं आणि त्यांच्या डोक्यावर, सुतळीने आवळलेल्या, मुठीएवढ्या, काळ्या पुड्या. दुसरीकडे कुठे कुणी पाहिल्या असत्या तर म्हणाला असता, काहीतरी बांधलंय. आमच्याकडे काळ्या कागदातल्या, सुतळी आवळलेल्या पुडीचा अर्थ शिपायापासून साहेबापर्यंत एकच होतो. आणि नेमके त्या दुपारी स्टोअरच्या वाटेवर ट्रक आडवा लागलेला असल्यामुळे मेजरसाहेब सरळ रस्त्याने आले.

ते थांबले. वर पाहिलं. त्यांच्या देखत त्यांतल्या एका पुडीने अंग झाडलं, पंख पसरले आणि ती दुसऱ्या फांदीवर जाऊन लटकली. ते वटवाघूळ होतं, पण ते ऐकून घ्यायला त्या क्षणी कुणाला सवड होती?

शिट्टी वाजली. माणसं डबे घेऊन पळाली, काही डब्यांशिवाय पळाली. दरबानांनी दोर लावला. मी बांधाकडून धावत आलो आणि दोराशीच मला अडवलं. मी ओरडून सांगितलं, साहेब, त्या गुट्या आहेत. "मागे व्हा," मेजरसाहेब म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, मोठ्या मॅडमच्या आहेत. यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मॅडमवरच वहीम आला असावा. "बाकरे, मागे व्हा. आणि चाकू द्या."

मी माझा पितळी चाकू दिला. तज्ज्ञ माणसाला बोलवावं असं कुणीतरी म्हणालं. त्याला यायला वेळ लागेल आणि तोवर कँटीनमध्ये स्वयंपाकी अडकलेत, असं म्हणून साहेबांनी सगळ्यांना बांधामागे जायला सांगितलं आणि एकटेच झाडाखाली गेले. सगळ्यांत खालची पुडी त्यांनी हाताने तोलली. कानाशी नेली. मग सुतळी कापली.

मला आत काय आहे ते माहीत होतं. त्यांना नव्हतं. बांधामागून मी त्यांचा हात बघत होतो, आणि तो हात जराही हलला नाही. तोपर्यंत हा सगळा तमाशा मला मनातून आवडत होता. त्या क्षणी तो आवडेनासा झाला. माणूस चिडका होता, पण मला त्याच्याबद्दल फार आदर वाटला आणि आजही वाटतो.

काळा कागद पडला, प्लास्टिक पडलं. मेजरसाहेब हातातल्या वस्तूकडे बघत उभे राहिले. मी दोर ओलांडून गेलो. शेवाळातून पांढरीशुभ्र, जाडजूड मुळं बाहेर आली होती.

"हे काय आहे?"

"मुळं, साहेब."

"थंडीत येत नाहीत म्हणाला होतात."

मीही चकित झालो होतो. मग उलगडा झाला. काळ्या कागदाने दिवसभर ऊन शोषलं आणि पुडीच्या आत ऊब धरली. थंडीत रुसणारी मुळं मेजरसाहेबांच्या फर्मानाने फुटली होती. मी त्यांना तसं सांगितलं. ऐकून त्यांनी हळूहळू एक एक शब्द उच्चारला. म्हणजे सगळ्यांना आली असतील. म्हणजे मॅडमची रोपं तयार आहेत. म्हणजे झाड तोडायला आता हरकत नाही.

 माझ्या कटात झाड सामील नव्हतं, उलट फितूर झालं होतं. होळीपर्यंतची मुदत एका दुपारी संपली होती, आणि सुमनला काय सांगायचं हे मला सुचेना. तेवढ्यात त्यांच्या हातातली ती उघडी गुटी दिसली, आणि तोंडातून आपोआप निघालं, की साहेब, उघडली आता. आज मातीत नाही गेली तर मरेल. आणि आमच्यात रिवाज आहे, ज्याने गुटी उघडली त्यानेच ती लावायची आणि जगवायची. दुसऱ्याने लावली तर लागत नाही.

असा काही रिवाज नाही. सुखलाल शिडी घेऊन मागे उभा होता. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाला, "हाँ साहब। पुरखों से चला आ रहा है।"

मेजरसाहेबांनी वटवाघळांकडे पाहिलं, गुटीकडे पाहिलं, आणि ती फांदीसकट कापून बंगल्यावर घेऊन गेले.

पुढचे चार दिवस काहीच झालं नाही. पाचव्या दिवशी ते माझ्या ऑफिसात आले. टोपी काढली. पाणी किती घालायचं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, ऊन कोणत्या खिडकीचं हवं. तोवर लढाई संपली होती, गावात पेढे वाटून झाले होते, मॅडमची रोपं मेळ्यात विकून झाली होती, आणि झाड साफ करण्याचा विषय ते काढत नव्हते. मी तर मुळीच काढत नव्हतो. संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस सकाळी ते जवळजवळ पळत आले.

"बाकरे, त्याच्या टोकाला लाल काहीतरी आलंय. रोग आहे का?"

मी बंगल्यावर जाऊन पाहिलं. नव्या पानाचा कोंब होता. रबराचं कोवळं पान लाल टोपडं घालून येतं, उमललं की टोपडं गळतं. हे समजावून सांगितल्यावर ते खुर्चीत बसले आणि त्यांनी मला चहा दिला. त्या महिन्यात मचाणावर एक पाटी लागली. हिंदीत लिहिलं होतं, की सायंकाळी कँटीनच्या दिशेने उडणारे काळे जीव शत्रू नाहीत. पुढच्या विश्वकर्मा पूजेला सुमनने झाडही पाहिलं आणि पाटीही.

*

मी निवृत्त झालो तेव्हा झाड उभं होतं. नंतर काही वर्षांनी तिथे नवी शेड बांधायचं ठरलं आणि झाड गेलं. भोंगा नाही, दोर नाही, कुणी विचारलंही नाही. बाजारात एका जुन्या दरबानाने सहज बोलता बोलता सांगितलं. लढाईत वाचवलेलं झाड शांततेत गेलं, आणि मी भाजीची पिशवी घेऊन उभा होतो. त्या दिवशी मी काही न घेताच घरी आलो. वाईट वाटलं, अजून वाटतं. तिथून उठलेली वटवाघळं कुठे गेली, हाही प्रश्न मनात राहिला.

त्याचं उत्तर एका हिवाळ्यात मिळालं. मेजरसाहेब पुण्याला परत गेलेच नव्हते. गावाबाहेर, रिछाईच्या वाटेवर प्लॉट घेऊन त्यांनी घर बांधलं होतं आणि कुंडीतलं रबर अंगणात उतरवलं होतं. सुमनने भाजीवालीकडून बातमी आणली, की त्यांच्या शेजाऱ्यांनी झाड तोडणारा ठेकेदार बोलावला आहे. मुळांनी कुंपणाची भिंत फोडली, फांद्या गच्चीवर आल्या, आणि वर वटवाघळं. "जाऊन या," ती म्हणाली. "आणि चाकू घेऊन जा."

सकाळी पोचलो. झाड गच्चीच्याही वर गेलं होतं, पारंब्या सुटल्या होत्या, पूर्वेकडच्या अंगाला वटवाघळं लटकली होती. जातकुळीच कशाला, झाडच तेच. गुटीचं रोप म्हणजे मूळ झाडाचीच फांदी. ठेकेदार आणि त्याची चार माणसं करवती घेऊन आली होती, पण रस्त्याच्या पलीकडे, बऱ्याच अंतरावर उभी होती. झाडाखाली मेजरसाहेब खुर्ची टाकून चहा पीत होते. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. आणि त्यांच्या डोक्यावर, फांदीफांदीवर, सुतळीने आवळलेल्या काळ्या पुड्या.

"या बाकरे," ते म्हणाले. "कधीची वाट पाहून राहिलो तुमची."

मी खुर्ची ओढून बसलो आणि हळूच म्हटलं, साहेब, काम सुरेख झालंय, शेवाळ कुठून आणलंत?

"शेवाळ कशाचं? जुने मोजे आहेत." त्यांनी कप खाली ठेवला. "त्या लोकांना म्हटलं, मी फॅक्टरीतला माणूस आहे, माल जपून ठेवलाय. तेव्हापासून तिकडेच उभे आहेत. पण मोजे किती दिवस टिकणार? आणि भिंतीचं काहीतरी करायलाच हवं, शेजाऱ्यांचंही चूक नाही."

मी पिशवीतून पितळी चाकू काढला. भिंतीकडची मुळं कुठे कापता येतील, गच्चीवरच्या कोणत्या फांद्या उतरवायच्या ते बघितलं, आणि सगळ्यांत खालच्या फांदीवरचा मोजा सोडून तिथे साल काढायला सुरुवात केली. दोन्ही शेजाऱ्यांना एकेक रोप द्यायचं ठरवलं होतं, उघडण्याचा रिवाज समजावून सांगून. चीक बोटांवर आला. वर एका काळ्या पुडीने पंख पसरून जागा बदलली, आणि रस्त्यापलीकडची माणसं आणखी दोन पावलं मागे सरली.

ठेकेदाराने धीर करून तिथूनच हाक मारली, "बाबूजी, इनमें है क्या?"

मी मेजरसाहेबांकडे पाहिलं. मग गंभीर चेहरा केला.

"भैया," मी म्हटलं, "वो बता नहीं सकते।"